आंबट किती, साठा किती : आम्ल-आम्लारींच्या अभ्यासाची प्रस्तावना

रसायनशास्त्राच्या बहुतेक शाखांमध्ये नवख्या माणसाला बराच काळ दारातच ताटकळावे लागते. आम्ल आणि आम्लारींचे तसे नाही. एका बाजूला लिंबू, चिंच, आमसूल, ताक. दुसऱ्या बाजूला चुना, खाण्याचा सोडा, पापडखार, चुलीतली राख. आणि दोहोंचा निवाडा करायला हळद. एवढ्या सामानावर या विषयाचे पहिले काही दिवस सहज निघतात. अडचण नेमकी इथेच आहे. ओळखीचा विषय म्हटला की तो कळलेलाच आहे असे वाटू लागते. लिटमस लाल झाला की आम्ल, निळा झाला की आम्लारी. सामू सातच्या खाली आहे की वर एवढे पाहायचे. दोन्ही एकत्र केले की क्षार आणि पाणी. शाळेच्या वहीत एवढे उतरले की बहुतेकांचा या विषयाशी असलेला संबंध कायमचा संपतो.

हे पुस्तक त्या वहीच्या पुढच्या पानावर सुरू होते. ते पदवीच्या विद्यार्थ्यांसाठी आहे, माती-पाण्याचे अहवाल रोज हाताळणाऱ्या कृषी सहायकांसाठी आहे, आणि कुठलीच परीक्षा द्यायची नसलेल्या वाचकासाठीही आहे. गणित लागेल, पण गुणाकार, भागाकार आणि दहाचे घात यांपलीकडे फारसे नाही. परिभाषा शालेय पुस्तकांतलीच ठेवली आहे. क्षार म्हणजे आम्ल आणि आम्लारी यांच्या संयोगाने बनलेला पदार्थ, हाच अर्थ सर्वत्र धरावा. जुन्या ग्रंथांविषयी बोलताना तो बदलतो, तिथे तसे सांगितले आहे.

पुस्तकभर एकच सूत्र धरले आहे. कोणत्याही द्रावणाला दोन प्रश्न विचारायचे असतात. आत्ता, या क्षणी, ते किती तीव्र आहे? आणि त्याच्या पोटात आम्लाचा किंवा आम्लारीचा साठा किती आहे? मिरची किती तिखट हे चाखून कळते. घरात मिरच्या किती हे डबा उघडल्याशिवाय कळत नाही. पहिल्या प्रश्नाचे उत्तर सामू देतो, दुसऱ्याचे ब्युरेट, म्हणजे द्रावण थेंबाथेंबाने मोजून सोडणारी काचेची नळी. या दोन उत्तरांची गल्लत झाली की हिशेब चुकतात. मग प्रयोगशाळेत नापास व्हावे लागते, आणि शेतात पैसे वाया जातात.

अगदी साधे उदाहरण घेऊ. एका चंचुपात्रात ०.१ मोलर हायड्रोक्लोरिक आम्ल आहे, दुसऱ्यात तेवढ्याच संहतीचे ॲसेटिक आम्ल, म्हणजे व्हिनेगरमधले. पहिल्याचा सामू १, दुसऱ्याचा साधारण २.९. सामूचे माप दहाच्या पटीत चालते, त्यामुळे पहिल्यात हायड्रोजन आयन दुसऱ्याच्या सुमारे पाऊणशे पट आहेत. आता दोन्हींचे २५ मिलिलिटर घ्या आणि ०.१ मोलर सोडियम हायड्रॉक्साइडने अनुमापन करा. पाऊणशे पट तीव्र आम्लाला आम्लारी जास्त लागायला हवी, असे कुणालाही वाटेल. लागते दोघांनाही २५ मिलिलिटरच. ॲसेटिक आम्लाच्या शंभर रेणूंपैकी एखाद-दुसराच एका वेळी विघटित असतो. तो खर्ची पडला की मागचा पुढे येतो. तीव्रता कमी, साठा तेवढाच. फरक दिसतो तो शेवटाला. पहिल्याचे अनुमापन सामू ७ वर पुरे होते, दुसऱ्याचे ८.७ च्या आसपास. म्हणून दुसऱ्यासाठी फिनॉल्फ्थॅलीन हा दर्शक योग्य. मिथिल ऑरेंज ३.१ ते ४.४ या टापूत रंग बदलतो. ॲसेटिक आम्लाची निम्मी वाटही सरलेली नसताना तो ‘झाले’ म्हणून मोकळा होतो. दर्शकांचा तक्ता पाठ करण्यात विद्यार्थ्यांचे श्रम जातात. प्रश्न कुठला विचारला आहे हे कळले की तक्ता आपोआप कळतो.

सातच्या आकड्याबद्दलही इथेच सांगून टाकतो. शुद्ध पाण्याचा सामू ७ असतो तो २५ अंश सेल्सिअसला. आपल्या शरीराच्या तापमानाला तो ६.८ असतो आणि ६० अंशांना ६.५, तरीही ते पाणी उदासीनच. हायड्रोजन आणि हायड्रॉक्साइड आयन समसमान असणे ही उदासीनतेची खूण. सात हा त्या एका तापमानाचा आकडा.

आम्ल म्हणजे नेमके काय, याची उत्तरे बदलत गेली आणि प्रत्येक बदलाने विषयाचे कुंपण मागे सरकले. रॉबर्ट बॉइलने १६६४ मध्ये व्हायोलेट फुलांच्या सरबताचा रंग आम्लाने तांबडा आणि अल्कलीने, म्हणजे पाण्यात विरघळणाऱ्या आम्लारीने, हिरवा होतो हे नोंदवले. तेव्हा आम्ल ही रंग आणि चव यांवरून ओळखायची गोष्ट होती. लाव्हॉझिएने आंबटपणाचे मूळ ऑक्सिजनमध्ये आहे असे ठरवले. हायड्रोक्लोरिक आम्लात ऑक्सिजन नाहीच, हे हम्फ्री डेव्हीने १८१० च्या सुमारास दाखवले आणि तो सिद्धान्त कोसळला. १८३८ मध्ये लीबिगने बोट ठेवले ते धातूने विस्थापित होऊ शकणाऱ्या हायड्रोजनवर. स्वीडनच्या अऱ्हेनियसने १८८० च्या दशकात आयनांची कल्पना मांडली: पाण्यात हायड्रोजन आयन सोडते ते आम्ल, हायड्रॉक्साइड सोडते ती आम्लारी. याच कामासाठी त्याला १९०३ चे नोबेल मिळाले. १९०९ मध्ये कोपनहेगनच्या कार्ल्सबर्ग प्रयोगशाळेत, म्हणजे बिअर गाळणाऱ्या कंपनीने चालवलेल्या संस्थेत, सोरेन्सनने सामूचे माप सुचवले. पुढे १९३४ मध्ये कॅलिफोर्नियात लिंबाच्या रसाची आम्लता मोजण्याच्या निकडीतून आर्नल्ड बेकमनने काचेच्या इलेक्ट्रोडला व्हॅक्यूम ट्यूबची जोड देऊन सुटसुटीत सामूमापक बनवला. या विषयाला कारखान्यांनी आणि बागांनी जेवढे पुढे नेले तेवढे फार थोड्या विषयांना नेले असेल.

१९२३ हे वर्ष वाचकाने लक्षात ठेवावे. त्या वर्षी डेन्मार्कमध्ये ब्रॉन्स्टेड आणि इंग्लंडमध्ये लाउरी या दोघांनी एकमेकांना न विचारता एकच गोष्ट मांडली: प्रोटॉन देते ते आम्ल, घेते ती आम्लारी. या व्याख्येने आम्लपणा पदार्थाच्या अंगचा राहिला नाही. तो दोघांमधला व्यवहार झाला. पाणी हायड्रोजन क्लोराइडसमोर आम्लारी असते आणि अमोनियासमोर आम्ल. फार काय, सल्फ्युरिक आम्लात ॲसेटिक आम्ल टाकले तर बिचारे प्रोटॉन घेऊ लागते, म्हणजे आम्लारी ठरते. त्याच वर्षी अमेरिकेत लुइसने आणखी एक पाऊल टाकले. प्रोटॉनही बाजूला ठेवा, इलेक्ट्रॉनांची जोडी स्वीकारते ते आम्ल आणि देते ती आम्लारी, असे त्याने म्हटले.

लुइसची व्याख्या पुस्तकी वाटते, पण तिचे उदाहरण मराठी घरात कपाळावर असते. हळद आम्लारीत तांबूस होते हे सर्वांना माहीत आहे. त्यामुळे कुंकवाचा लाल रंग म्हणजे हळदीवर झालेली आम्लारीची करणी, असे सर्रास सांगितले जाते. चुना घालून केलेल्या कुंकवापुरते ते बरोबर आहे, आणि त्यावर लिंबू पिळले तर रंग पिवळ्याकडे परततोही. पण जुन्या पद्धतीत हळकुंडांना टाकणखार आणि लिंबाचा रस लावत. लिंबू असताना हळद लाल कशी? टाकणखारात बोरॉन असतो. बोरॉनला इलेक्ट्रॉनांची जोडी हवी असते, हळदीतल्या कर्क्युमिनचे ऑक्सिजन अणू ती देतात, आणि आम्ल माध्यमातही टिकणारे लाल संयुग तयार होते. लाल हळद दोन्हींकडे दिसते. एकीकडे प्रोटॉन निघून गेलेला असतो, दुसरीकडे बोरॉन येऊन बसलेला असतो. दर्शकाचा रंग ही साक्ष आहे; निकाल साक्ष तपासूनच द्यायचा.

आपल्याकडचे या विषयातले जुने तपशीलवार लेखनही साठा आणि तीव्रता यांच्याशीच झुंजते. सुश्रुतसंहितेच्या सूत्रस्थानातला अकरावा अध्याय क्षार तयार करण्याचा आहे. इथे क्षार म्हणजे दाहक अल्कली. वनस्पतींची राख पाण्यात कालवून गाळायची, ते पाणी आटवायचे, आणि अधिक तिखट क्षार हवा असेल तर भाजलेले शंखशिंपले आणि चुनखडे त्यात घालायचे. तयार क्षार लोखंडी भांड्यात ठेवायचा, आणि त्याने झालेला दाह आंबट पदार्थाने शमवायचा. आचार्य प्रफुल्लचंद्र राय यांनी १९०२ पासून प्रसिद्ध झालेल्या आपल्या हिंदू रसायनशास्त्राच्या इतिहासात या कृतीकडे जगाचे लक्ष वेधले, ते मृदू आणि तीक्ष्ण अल्कलींमधला फरक तिच्यात इतका स्वच्छ आहे म्हणून. युरोपात त्या फरकाचे कारण जोसेफ ब्लॅकने १७५६ मध्ये उलगडले. राखेतले पोटॅशियम कार्बोनेट मृदू. चुन्यातले कॅल्शियम त्यातला कार्बोनेट ओढून घेते, तो खडू होऊन तळाशी बसतो, आणि वर उरते पोटॅशियम हायड्रॉक्साइड, कातडी भाजणारे. कॅल्शियमने कार्बोनेट खाली बसवला, ही गोष्ट वाचकाने ध्यानात ठेवावी. ती पुढे शेतात भेटणार आहे.

मी राहतो ते बस्सी जयपूरच्या पूर्वेला, आग्र्याकडे जाणाऱ्या महामार्गावर आहे. शेतीची सगळी भिस्त जमिनीखालच्या पाण्यावर. पूर्व राजस्थानात कित्येक कूपनलिकांच्या पाण्यात सोडियम आणि बायकार्बोनेट भरपूर, कॅल्शियम मात्र बेताचे असते. हाताला बुळबुळीत लागणाऱ्या या पाण्याला राजस्थान-हरियाणात ‘तेलिया पानी’ म्हणतात. अशा पाण्याचा नमुना टेबलावर घ्या. समजा, सामू ८.४ आहे, पाहणाऱ्याला वाटेल, जरासे आम्लारिधर्मी, चालेल. पन्नास मिलिलिटर शंकुपात्रात ओता. फिनॉल्फ्थॅलीनचे थेंब घातले तर जेमतेम गुलाबी झाक, आणि आम्लाच्या पहिल्या थेंबांतच ती नाहीशी. आता मिथिल ऑरेंज घाला आणि ०.०२ नॉर्मल सल्फ्युरिक आम्ल ब्युरेटमधून सोडत राहा. पाच मिलिलिटर, दहा, पंधरा; पिवळा रंग हलत नाही. पंचवीस मिलिलिटरला तो नारिंगी होतो. म्हणजे लिटरमागे १० मिलिइक्विव्हॅलंट अल्कलीचा साठा. हाच ८.४ सामू शुद्ध पाण्यात कणभर सोडियम हायड्रॉक्साइड घालूनही मिळतो, पण त्या पाण्याला याच ब्युरेटचा एक थेंबसुद्धा जास्त झाला असता. सामू तोच, आणि साठ्यात हजारो पटींचा फरक.

शेतकऱ्याचे नुकसान हा साठा करतो. पाणी शेतात पसरते, ऊन ते उडवते, कार्बन डायऑक्साइड निसटतो, बायकार्बोनेटचा कार्बोनेट होतो. तो आधी कॅल्शियम-मॅग्नेशियमला पकडून चुनखडी होऊन बसतो. ते संपले की सोडियमचेच राज्य. चिकणमातीच्या कणांवर सोडियम चढतो, कण सुटे होतात, छिद्रे बुजतात, वर कडक पापुद्रा धरतो, पाणी मुरत नाही. महाराष्ट्रात अशा जमिनीला चोपण म्हणतात. अकोला, अमरावती आणि बुलढाणा जिल्ह्यांतल्या पूर्णाकाठच्या खारपाणपट्ट्यातल्या शेतकऱ्याला हे समजावून सांगायची गरज नाही. १९५० मध्ये ईटन या अमेरिकी शास्त्रज्ञाने यासाठी एक साधी वजाबाकी दिली: कार्बोनेट आणि बायकार्बोनेट यांच्या बेरजेतून कॅल्शियम आणि मॅग्नेशियम यांची बेरीज वजा करा. उरते ते अवशिष्ट सोडियम कार्बोनेट. लिटरला १.२५ मिलिइक्विव्हॅलंटच्या आत असेल तर पाणी निर्धोक, २.५ च्या वर असेल तर सिंचनाला अयोग्य. वरच्या नमुन्यात कॅल्शियम-मॅग्नेशियम मिळून ४ धरले तर उरतात ६. सामूचा आकडा या वजाबाकीत कुठेच येत नाही. पिण्याच्या पाण्यातल्या फ्लोराइडची गाठही इथेच आहे: कॅल्शियम कमी असलेल्या अशा पाण्यात फ्लोराइडला बांधून ठेवणारे कुणी उरत नाही.

यावरचा उपाय जिप्सम. ते राजस्थानातच, बिकानेर आणि नागौरच्या बाजूला निघते. जिप्सम आम्ल नाही. त्याचे द्रावण जवळजवळ उदासीन असते. मग ते अल्कली कशी कमी करते? त्यातले कॅल्शियम कार्बोनेटला खाली बसवते, आणि मागे राहते सोडियम सल्फेट, जे पाण्याबरोबर मुळांच्या खाली निचरून जाऊ शकते. सुश्रुताच्या भांड्यात हीच क्रिया होते आणि परिणाम अगदी उलटा. तिथे कॅल्शियमने सोबत हायड्रॉक्साइड आणले, म्हणून राखेचे पाणी तीक्ष्ण झाले. इथे ते सल्फेट आणते, म्हणून शेत मवाळते. हिशेबही सोपा आहे. एका मिलिइक्विव्हॅलंटला ८६ मिलिग्रॅम शुद्ध जिप्सम. ६ वरून २.५ वर यायचे तर लिटरला सुमारे ३०० मिलिग्रॅम. हेक्टरला साडेसात सेंटिमीटरची एक पाळी म्हणजे साडेसात लाख लिटर, म्हणजे दर पाळीला सव्वादोनशे किलो. निचरा नसेल तर मात्र हे सारे व्यर्थ, कारण सोडियम तिथेच राहतो.

हेच गणित निसर्गाने एका ठिकाणी हजारो वर्षे चालवले आहे. भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणातले रसायनतज्ज्ञ डब्ल्यू. ए. के. क्रिस्टी यांनी १९०९ मध्ये टी. एच. हॉलंड यांच्याबरोबर राजपुतान्यातल्या मिठाच्या उगमावर लिहिले. सांभरसारख्या सरोवरांतले मीठ कच्छच्या रणातून वाऱ्याबरोबर येते, असे त्यांचे म्हणणे होते. त्यावर पुढे बरेच आक्षेप आले. तीन वर्षांनी, १९१२ मध्ये, हेच क्रिस्टी ला टूश यांच्याबरोबर लोणारवर लिहिताना दिसतात. बुलढाणा जिल्ह्यातले लोणार म्हणजे दख्खनच्या बेसॉल्टमध्ये उल्कापाताने पडलेला, सुमारे १.८ किलोमीटर व्यासाचा खड्डा. पाणी आत येते, बाहेर जायला वाट नाही. पावसाच्या पाण्यातले कार्बोनिक आम्ल बेसॉल्ट झिजवते. त्यातून बायकार्बोनेट, कॅल्शियम, मॅग्नेशियम आणि सोडियम उतरतात. पाणी आटू लागले की आधी कॅल्शियमचा कार्बोनेट बसतो. आता जे कमी असेल ते आधी संपणार. कॅल्शियम आधी संपले, तर पाणी सोड्याच्या वाटेला लागते आणि सामू १० च्या घरात जातो. बायकार्बोनेट आधी संपला, तर पाणी जिप्सम आणि मिठाच्या वाटेला जाते. लोणार पहिल्या वाटेने गेले. तिथला सोडा एके काळी गोळा करून विकला जाई. त्याच्या प्रतींना दल्ला, पापडी, भुस्की अशी नावे होती. जून २०२० मध्ये पाणी गुलाबी झाले, ते अशा खारट पाण्यात फोफावणाऱ्या सूक्ष्मजीवांमुळे. फाट्यावर कुठली वाट धरायची, हे मात्र ईटनच्या त्या वजाबाकीच्या चिन्हावरच ठरते. वजाबाकी धन येणारी प्रत्येक विहीर लोणारच्याच वाटेवर आहे. शेताला निचरा असतो आणि लोणारला नाही, एवढाच फरक.

पुस्तकाची मांडणी याच क्रमाने आहे. आधी व्याख्या आणि सामू, मग दुर्बल आम्ले आणि अनुमापन, मग बफर. बफर म्हणजे साठ्याच्या जोरावर तीव्रता स्थिर ठेवण्याची युक्ती. आपले रक्त बायकार्बोनेटच्या आधारे ७.३५ ते ७.४५ एवढ्या अरुंद पट्टीत राहते ते तिच्यामुळेच. शेवटचा भाग माती, पाणी आणि समुद्र यांचा. घाईत असलेल्या वाचकाने बफरचे प्रकरण वगळू नये, बाकी कुठलेही वगळले तरी चालेल. प्रत्येक उदाहरण सोडवताना वहीत दोन रकाने आखावेत, एक तीव्रतेचा आणि एक साठ्याचा, आणि कुठला आकडा कुठल्या रकान्यात जातो हे आधी ठरवावे.

शेवटच्या भागात एक प्रश्न मुद्दाम उघडा ठेवला आहे. हवेतला कार्बन डायऑक्साइड समुद्रात विरघळतो आहे. औद्योगिक युगाच्या आरंभापासून समुद्राच्या पृष्ठभागाचा सामू साधारण ०.१ ने उतरला आहे, म्हणजे हायड्रोजन आयन पंचवीस टक्क्यांहून अधिक वाढले आहेत. गंमत अशी की कार्बन डायऑक्साइड मिसळल्याने पाण्याची एकूण अल्कलिता बदलत नाही. पहिला रकाना हलतो, दुसरा जागेवर राहतो. म्हणून काही संशोधक दुसऱ्याच रकान्याला हात घालू पाहत आहेत. बेसॉल्टची भुकटी शेतात पसरायची, तिच्या झिजण्यातून बायकार्बोनेट तयार होऊ द्यायचा, आणि हवेतला कार्बन त्या रूपात बांधायचा. लोणारमध्ये जे आपोआप घडले ते शेतांत मुद्दाम घडवण्याचा हा बेत आहे, आणि दख्खनच्या लोकांकडे बेसॉल्टची काही कमतरता नाही. पण भुकटी किती टन टाकली यावर श्रेय मोजता येणार नाही. कार्बन किती बांधला गेला, हे निचऱ्याच्या पाण्यात किती बायकार्बोनेट उतरला यावरूनच ठरेल, आणि त्यातला काही वाटेत चुनखडी होऊन बसला, तर त्यात बांधलेला निम्मा कार्बन पुन्हा हवेत जाईल. हा दावा खरा की खोटा, हे ज्याला ब्युरेट नीट धरता येतो आणि दोन रकाने वेगळे ठेवता येतात, तोच सांगू शकेल. अशी माणसे आपल्याला बरीच लागणार आहेत.

बस्सी, जयपूर